'लाइट-पाणी भाड्यातच' म्हणजे नक्की किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, कापायचं असेल तर मधलं कापा पण शेवटी एक मागणी आहे तेवढी ठेवा. तुमच्या पेपरात घर भाड्याने देण्याच्या ज्या दोन-दोन ओळींच्या जाहिराती येतात त्यांच्याबद्दल लिहितेय. त्यात बऱ्याचदा असं असतं, 'उपनगरात छोटा फ्लॅट, लाइट पाणी वायफायसह', नाहीतर 'सर्व खर्च धरून', नाहीतर सरळ 'ऑल इन्क्लुडेड'. मी अशीच एक जाहिरात वाचून दोन वर्षांपूर्वी घर घेतलं (भाड्याने हो, विकत कुठलं). ऑफिसजवळ काही परवडेना म्हणून उपनगर, आणि एकटीच आहे म्हणून एक खोली, स्वयंपाकघर आणि संडास-बाथरूम, एवढंच. वर मालक-मालकीणबाई, खाली मी, बाजूला अजून एक बिऱ्हाड.

खरं सांगते, पहिले दोन महिने इतकं बरं वाटलं की बास. आधीच्या घरात महिनाभर वेगवेगळ्या तारखांना वेगवेगळी बिलं यायची, एक भरलं की दुसरं, एखादं विसरलं की दंड. इथे एक तारखेला एकदाच पैसे टाकायचे आणि विषय संपला. मैत्रिणींना पण मी सांगत सुटले की असंच घर बघा, जरा जास्त भाडं गेलं तरी चालेल पण डोक्याला ताप नाही. पगार ठरलेला असतो त्याला खर्चही ठरलेला असला की किती हलकं वाटतं हे ज्याने महिन्याच्या पंचवीस तारखेला बॅलन्स बघून अंदाज बांधलेत त्यालाच कळेल.

तिसऱ्या महिन्यात मालक काका लाइटबिल हातात घेऊन खाली आले. तोपर्यंत मी त्यांच्यासाठी 'बाळा' होते, त्या दिवशी एकदम 'मॅडम' झाले. म्हणाले, मॅडम या महिन्यात २०७ युनिट आलेत, आपलं नेहमी दीडशेच्या आत असतं, जरा जास्तच होतंय, वरचं तुम्हाला द्यावं लागेल. मी म्हटलं काका लाइट भाड्यातच आहे ना? तर म्हणाले, आहे ना, पण वाजवी वापर. आणि काढला भाडेकरार, आणि खरंच हो, सातव्या कलमात लिहिलेलं, 'वीज व पाणी वाजवी वापरापर्यंत भाड्यात समाविष्ट'. सही माझीच. वाचलं होतं पण, वाजवी म्हणजे काय, मी काय कारखाना चालवणार आहे का, असं म्हणून पुढचं पान उलटलं होतं.

काकांचा संशय गीझरवर होता. प्रत्येक मालकाचा संशय गीझरवरच असतो बहुतेक. मग मी रागारागाने हिशोब करायला बसले, अकाउंटला काम करते त्यामुळे आकडे जुळल्याशिवाय झोप येत नाही. हिशोब काही अवघड नाही, ज्यांना माहितेय त्यांनी पुढच्या ओळी सोडून द्या. १००० वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. म्हणजे वस्तूवर लिहिलेले वॅट गुणिले तास भागिले हजार, झालं. माझा गीझर १५ लिटरचा, २००० वॅटचा. १५ लिटर पाणी ३० डिग्रीने तापवायला साधारण अर्धा युनिट लागतं आणि पंधरा-सोळा मिनिटं. मी दिवसातून दोनदा लावते, थोडी उष्णता टाकीतून वाया जाते ती धरून दिवसाला सव्वा युनिट नाही होत, महिन्याला ३६ धरा. फ्रिज दिवसाला एक युनिट, म्हणजे ३०. इंडक्शन शेगडी २००० वॅटची, रोज अर्धा तास, पुन्हा ३०. पंखा ७५ वॅटचा जुना, दहा तास, २२. लॅपटॉप १२, दिवे एलईडी आहेत ते जेमतेम ५, वॉशिंग मशीन गार पाण्यावर ३, टीव्ही इस्त्री मोबाईल सगळं मिळून ७. बेरीज १४५. कितीही ओढूनताणून केलं तरी २०७ होईना. ६२ युनिट कोण खातंय?

आता मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो तो सगळ्यांनी बघितलेला असतो पण तो कशासाठी असतो ते मला पस्तिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. मीटरच्या तोंडावरच छापलेलं असतं, किती लुकलुकी म्हणजे एक युनिट. माझ्यावर ३२००. मग मी एका रात्री माझ्या घरातला मेन स्विच बंद केला (मीटरला हात लावायचा नाही, त्याचं सील उघडायचं नाही, फक्त आपल्या घरातला मेन, हे मुद्दाम सांगते) आणि मोबाईलचा टॉर्च घेऊन जिन्याखाली मीटरसमोर बसले. घरात अंधार, फ्रिज बंद, सगळं बंद, आणि दिवा लुकलुकतोय! साधारण अठ्ठावीस सेकंदाला एकदा. गणित केलं तर ४० वॅट. वर बघितलं तर जिन्यातले दोन दिवे चालू होते, वीस-वीस वॅटचे, रात्रभर जळणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत मेन बंद करून बसले, शेजारच्या वहिनी बघून गेल्या, त्यांना वाटलं काहीतरी हरवलंय माझं. तेवढ्यात वर पाणी चढवायची मोटर चालू झाली आणि तो दिवा जो सुटला, सेकंदाला जवळजवळ एकदा. तीन मिनिटं मोजले, १६० च्या आसपास भरले. १६० भागिले ३२०० म्हणजे पाऊण-बिऊण नाही, ०.०५ युनिट तीन मिनिटांत, म्हणजे तासाला एक युनिट. एक हॉर्सपॉवरची मोटर एवढंच खाते. रोज दीड तास चालते, महिन्याला ४५. जिन्याचे दिवे बारा तास, १४. माझे १४५ अधिक ४५ अधिक १४, २०४. बिल २०७. तीन युनिटांचा फरक माझ्या अंदाजातला, तो मी सोडून दिला.

म्हणजे सगळ्या बिल्डिंगची मोटर आणि जिन्याचा उजेड माझ्या मीटरवर होता. काकांनी मुद्दाम केलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. घर बांधताना वायरमनने जिथून जवळ पडलं तिथून वायर ओढली असणार, आणि सगळी बिलं काकाच भरत होते त्यामुळे कुठल्या मीटरवर काय आहे हे बघायची वेळच कधी आली नाही. आणि ते 'नेहमी दीडशेच्या आत' चं कोडं पण सुटलं, माझ्या आधीचा भाडेकरू फिरतीच्या नोकरीवर होता, अर्धा महिना घर बंद. त्याचे नव्वद आणि मोटर-जिन्याचे साठ मिळून दीडशे, तो काकांच्या डोक्यात वाजवीचा आकडा होऊन बसला. माझा गुन्हा एवढाच की मी रोज घरी येत होते.

मी कागद घेऊन वर गेले. काका आधी चिडले, मग स्वतः खाली येऊन मीटरसमोर बसले, काकूंना वरून मोटर चालू-बंद करायला लावली, पाच-सहा वेळा. त्या माणसाला हे मानायलाच पाहिजे, आकडा दिसल्यावर वाद घातला नाही. पुढच्या आठवड्यात वायरमन बोलावून मोटर आणि जिना त्यांच्या मीटरवर घेतला आणि मी पुन्हा 'बाळा' झाले.

इथपर्यंत माझी गोष्ट. आता यात माझं म्हणणं काय. बिलासकट भाडं ही पद्धत वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट एक गोष्ट तर मला नंतर लक्षात आली ती फार कुणी बोलत नाही. जिथे लाइटबिल भाडेकरू भरतो तिथे मालक घरात काय लावतो? सगळ्यात स्वस्त पंखा, जुना फ्रिज, कुणीतरी टाकून दिलेला गीझर, कारण विकत तो घेणार आणि चालवायचा खर्च दुसऱ्याचा. माझ्याकडे त्या भांडणानंतर काकांनी आपणहून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, पंखा आणून लावला, ३० वॅटचा, ७५ च्या जागी, म्हणजे महिन्याला तेरा-साडेतेरा युनिट वाचले आणि ते वाचले त्यांचे. बिल ज्याच्या खिशातून जातं तोच वस्तू निवडतोय म्हटल्यावर वस्तू बरी येते. हे मी स्वतः बिल भरत असते तर दहा वर्षं मागूनही झालं नसतं.

पण याची दुसरी बाजू पाण्यात दिसली. माझ्या संडासातली फ्लशची टाकी आतल्या आत गळत होती, आवाज नाही काही नाही, भांड्यात एक बारीक धार. मला बिल येत नाही म्हणून मला पत्ता नाही, काकांना घरात यायचं कारण नाही म्हणून त्यांना पत्ता नाही. प्लंबर दुसऱ्याच कामाला आला तेव्हा त्याने दाखवलं, टाकीत थोडी शाई टाकायची, फ्लश न करता वीस मिनिटं थांबायचं, भांड्यात रंग उतरला की समजायचं गळतंय. उतरला. किती महिने वाहत होतं कोण जाणे, आणि ती मोटर दीड तास का चालत होती याचं थोडं उत्तर त्यातच असेल.

आणि भाडेकरू काही सगळे गरीब गाय नसतात हेही लिहिते, नाहीतर मालक मंडळी म्हणतील एकतर्फी पत्र. माझ्या ऑफिसमधल्या एक ताई आहेत, त्यांनी आपली खालची खोली अशीच सगळं धरून दिली. मुलगा साधा, वेळेवर भाडं देणारा. पण सकाळी ऑफिसला जाताना एसी चालूच ठेवून जायचा, संध्याकाळी आल्यावर खोली गार मिळावी म्हणून. दीड टनचा साधा एसी, कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट खातो. (हा टन म्हणजे मशीनचं वजन नाही बरं का, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो ते माप, बर्फाच्या लाद्यांच्या काळापासून चालत आलेलं. मलापण ताईंच्या एसी मेकॅनिकने सांगितलं.) त्याला बोलल्या तर म्हणाला, ताई, लाइट भाड्यात आहे ना. तेच वाक्य! मी काकांना म्हटलेलं. तेव्हा मला ते वाक्य समोरच्या बाजूने कसं ऐकू येतं ते कळलं.

त्यांच्याकडे अजून एक गुंता होता. तीन बिऱ्हाडं एका मीटरवर, मध्ये सबमीटर. आता जिथे वापर वाढेल तसा दर चढत जातो, पहिली काही युनिटं स्वस्त, पुढची महाग, तिथे तिघांची युनिटं एकत्र झाली की सगळेच वरच्या पायरीवर जातात, तिघांची वेगळी मीटरं असती तर जेवढं झालं असतं त्यापेक्षा एकूण बिल जास्त येतं. मग सबमीटरने युनिट तर कळतात पण दर कुठला लावायचा यावर भांडण. ताई वरचा दर लावायच्या, मुलगा खालचा म्हणायचा. एकूण बिल भागिले एकूण युनिट करून जो सरासरी दर येईल तो तिघांना सारखा, हे मी त्यांना सुचवलं, आणि ते चाललं. पण हे घर देताना बोलून ठेवलं असतं तर त्या पोराने बोलणं टाकलं नसतं.

माणसं फुकटचं म्हणून उधळतात का, यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेत लेविन्सन आणि नीमन या दोघांनी २००४ साली असंच बघितलं, भाड्यात ऊर्जेचा खर्च धरलेले फ्लॅट आणि न धरलेले. धरलेल्या फ्लॅटचं भाडं जास्त असतं, पण वापरलेल्या ऊर्जेचा जेवढा खर्च होतो तेवढ्याने नाही, फरक मालक सोसतात. मला हे वाचून काकांची थोडी दया आली. थोडीच.

माझा मावसभाऊ जर्मनीत भाड्याने राहतो, त्याला हे सगळं सांगितलं तर हसला. तिकडे म्हणे भाड्याला दोन नावंच आहेत, 'थंड भाडं' आणि 'गरम भाडं'. थंड म्हणजे नुसत्या भिंतींचं, गरम म्हणजे हीटिंग वगैरे धरून. आणि गरम म्हटलं तरी ते उक्तं नसतं, दर महिन्याला ॲडव्हान्स घ्यायचा आणि वर्षाने हिशोब. हीटिंगच्या खर्चातला कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७० टक्के भाग ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणेच वाटायचा, हा नियम १९८१ पासून आहे. आणि हिशोबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत मालकाने हिशोब दिला नाही तर, उशीर त्याच्याच चुकीने झाला असेल तर, जास्तीचे पैसे मागायचा त्याचा हक्कच जातो. मला तो १२ महिन्यांचा भाग फार आवडला. 'वाजवी' हा शब्द त्यांच्या हिशोबात कुठे बसवतात हे त्याला विचारायचं राहिलं.

वायफायचं पण सांगूनच टाकते. जाहिरातीत 'वायफायसह' होतं आणि होतंच, खोटं नाही. राउटर वर काकांच्या हॉलमध्ये. रात्री दहा वाजता काका झोपायला जाताना घरातले दिवे, टीव्ही आणि राउटर या क्रमाने बंद करतात, त्यांची तीस वर्षांची सवय आहे म्हणे, तीस वर्षांपूर्वी कुठला राउटर हे मी विचारलं नाही. म्हणजे माझं इंटरनेट दहापर्यंत. यावर मी भांडले नाही, माझं वेगळं घेतलं, पण भाड्यात जे 'सह' होतं त्याचे पैसे देतच राहिले. तसंच मध्ये आईच्या आजारपणात मी २६ दिवस घरी नव्हते, फ्रिजसुद्धा रिकामा करून बंद करून गेले होते, तेव्हा भाडं कमी झालं नाही. होऊ पण नये, उक्तं म्हटल्यावर कमी-जास्त दोन्ही आलं. फक्त मग जास्त झाल्यावर पण ते उक्तंच राहावं ना.

हो, आणि नावावर कुठलंच बिल नसल्याने बँकेत पत्त्याचा पुरावा मागितला तेव्हा माझी पंचाईत झाली, शेवटी भाडेकराराची प्रत चालली. करार तोंडी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

आता मागणी. संपादक महोदय, तुमच्या जाहिरात विभागात फॉर्म भरून घेतात ना, त्यात 'लाइट-पाणीसह' असं कुणी लिहिलं की एवढंच विचारा, किती युनिटपर्यंत? आणि मीटर वेगळा की सामाईक? बाकी काही नको. शब्दाला पैसे पडतात हे मला माहितेय, पण 'लाइट १६० युनिटपर्यंत, वेगळा मीटर' हे पाच शब्द आहेत. आकडा कमी असेल तर मालक लाजून वाढवेल किंवा घेणारा दुसरं घर बघेल, दोन्ही चालेल. आकडाच नसेल तर तो नंतर कुणाच्या तरी डोक्यात तयार होतो, दोघांच्या डोक्यात वेगवेगळा, आणि दोघंही प्रामाणिक असतात हाच तर त्रास आहे.

माझी बदली झालीय, पुढच्या महिन्यात मी हे घर सोडतेय. काकांनी परवा बोलावून सांगितलं, बाळा, तुझा हात चालतो, जाहिरात तूच लिहून दे. मी लिहून दिली: 'उपनगरात छोटा फ्लॅट, लाइट १६० युनिटपर्यंत, त्यावरचं सरासरी दराने, मोटर-जिना वेगळ्या मीटरवर, वायफाय रात्री दहापर्यंत.' काकांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मोटर-जिना खोडलं, म्हणाले आता ते खालच्या मीटरवर नाहीच तर सांगायचं कशाला. वायफायची वेळ खोडली, म्हणाले हे काय लिहितात का जाहिरातीत. सरासरी दर खोडला. १६० वर पेन बराच वेळ धरून बसले आणि मग तसंच ठेवलं. ती जाहिरात या आठवड्यात तुमच्याकडे येईल. जागा कमी पडली म्हणून तुमच्या माणसांनी तो आकडा तेवढा उडवू नये, ही विनंती.

आपली,
एक भाडेकरू वाचक